देवक बसलेलं घर

एका जंगलात हत्ती एकच होता, पण नाक सगळ्यांचंच मोठं होतं. उंदरालाही होतं. ते कापलं जाऊ नये म्हणून सगळे प्राणी दिवसभर त्याला जपत. पोटाचं काय, बाळांनो, ते एकट्यालाही भरता येतं. नाकाला मात्र चारचौघं लागतात.

या जंगलात ओढ्याच्या उतारावर भालचंद्रराव साळिंदर राहत. त्यांच्या बिळाला सात दारं होती. त्यांतली पाच बुजली होती, पण सोयरीक जुळवताना सात सांगता येत. भालचंद्ररावांना एकच मुलगी, शलाका. तिची आई ती लहान असतानाच गेली. मग तिला वाढवलं आबांनी, म्हणजे भालचंद्ररावांच्या वडिलांनी. साळिंदराच्या पिलाला कुशीत घेणं सोपं नसतं. आबा अंगावरचे काटे मिटून, श्वाससुद्धा बेताने घेत पडून राहायचे आणि शलाका त्यांच्या पोटाशी झोपायची. मोठी झाली तरी झोपायची.

शलाकाचं लग्न टेकडीपलीकडच्या कणादशी ठरलं. मुलगा शांत होता, कंद खणण्यात पटाईत होता. मुख्य म्हणजे दोघं एकमेकांना आवडत होती. लग्न ठरवताना ही बाब कोणी विचारात घेतली नव्हती, पण आड आली नाही म्हणून चालवून घेतली.

आमंत्रणं हजार ठरली. यादी केली अक्कांनी. अक्का म्हणजे भालचंद्ररावांची थोरली बहीण. कोणाच्या लग्नात कोणाला कुठल्या रांगेत बसवलं होतं आणि तिथे कढी पोचेपर्यंत कशी गार झाली होती, हे अक्कांना तीन पिढ्यांचं तोंडपाठ होतं. घरातली जन्मतिथी मात्र त्यांना एकही आठवत नसे.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी देवक बसलं.

आता देवक म्हणजे काय, ते नीट ऐका. पाच झाडांची पानं, एक कलश, सुपाऱ्या असं सगळं पाटावर तांदळात मांडतात. देवांना म्हणतात, आमच्याकडे कार्य आहे, ते पार पडेपर्यंत इथे बसा. देव बसतात. लग्न लागलं की त्यांना उठवतात. मधल्या काळात घरात कोणी गेलं, तरी सुतक धरत नाहीत. कार्याला खोळंबा नको म्हणून जुन्या लोकांनी केलेली ही एक-दोन दिवसांची सोय. वंशजांच्या हाती सोय लागली की ते तिचं काय करतात, हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

शलाकाला हळद लागली. बायका गात होत्या. तेवढ्यात समोरच्या सागाच्या शेंड्यावर सरकारी कोतवाल येऊन बसला. कोतवाल पक्षी काळाकुळकुळीत, शेपटी दुभंगलेली, आवाज कर्कश. सरकारी कामाला लागतं ते सगळं त्याच्याकडे होतं.

“ऐका हो ऐका!” तो ओरडला. “जंगलात घुरघुरीची साथ आली आहे. वाघ महाराजांचा हुकूम आहे. तोंडाला पान बांधून फिरावं. एकमेकांपासून दोन उड्या लांब राहावं. लग्नाला पंचवीस जण. सव्विसावा दिसला तर मांडव मोडण्यात येईल. ज्या घरात सुतक असेल त्या घराला चौदा दिवस काटेरी कुंपण!”

एवढं सांगून तो उडाला. महाराज स्वतः गुहेत गेले होते आणि गुहेच्या तोंडाशी शिळा लावून घेतली होती. राजाने सुरक्षित असावं, म्हणजे प्रजेला धीर येतो.

घरात बैठक बसली. बगळेगुरुजी कोपऱ्यात एका पायावर उभे होते. बगळे तसेच उभे राहतात, पण त्यामुळे ते फार खोल विचारात आहेत असं यजमानांना वाटतं.

“पंचवीस!” भालचंद्रराव म्हणाले. “अहो, आमच्यात पंचवीस तर नुसते रुसायला लागतात.”

“आणि समजूत काढायला वेगळे,” अक्का म्हणाल्या.

“मग रुसणाऱ्यांना वगळा की,” आबा भिंतीला टेकून म्हणाले. “मुलगा, मुलगी, गुरुजी आणि दोन्हीकडची चार-चार जणं. उद्याचा मुहूर्त आहे, उरकून टाका. माझ्या लग्नाला सहा जण होते. त्यातले दोघं वाट चुकून आले होते.”

“आबा, तुमचा काळ वेगळा होता.”

“वेगळा काय होता? तू झालासच ना?”

शलाका हळदीच्या अंगाने दारात उभी होती. नवरीने अशा बैठकीत बोलायचं नसतं, पण आबांमुळे तिला बोलायची वाईट सवय होती.

“बाबा, उद्याच करू या,” ती म्हणाली. “मला हजार नकोत. कणादलाही नकोत. मी विचारलंय त्याला.”

अक्कांनी तिच्याकडे मायेने पाहिलं. “तुला काय हवंय ते कोण विचारतंय, बाळ? लग्न तुझं आहे. कार्य आमचं आहे.”

तरीही प्रयत्न करून बघायचा म्हणून अक्कांनी यादी कापायला घेतली. एक नाव कापलं की त्यांना ते नाव ज्याच्या शेजारी बसलं होतं तो आठवे. मग लक्षात येई, अरे, तो तर यादीत नाहीच. संध्याकाळी यादी एक हजार चोवीस झाली.

“लग्न पुढे ढकलू,” भालचंद्रराव म्हणाले. “पाहुण्यांना तोंड कसं दाखवायचं?”

“सगळ्यांच्या तोंडाला पानं बांधलीत,” आबा म्हणाले. “दाखव कसंही.”

गुरुजींनी पाय बदलला. “यजमान, देवक बसलेलं आहे. कार्य झाल्याशिवाय उठवता येत नाही.”

“मग बसू दे.”

“किती दिवस?”

“निर्बंध उठेपर्यंत.”

गुरुजींनी डोळे मिटले. देवक बसलेल्या घरी रोज पूजा आली. रोजच्या पूजेला रोजचा नैवेद्य आला, आणि यजमान ओढ्याकाठचा असल्यामुळे नैवेद्य मासळीचा होता. “देवांना कसली घाई?” गुरुजी म्हणाले.

तर अशी त्या घरात लग्नघाई मुक्कामाला आली. तोरणं सुकत आणि बदलली जात. मांडवाचे बांबू वाळवीने खाल्ले, नवे घातले. हळद लागलेल्या मुलीने उंबरा ओलांडायचा नसतो, म्हणून शलाका घरातच होती. आणि नवरीची हळद उतरू द्यायची नसते, म्हणून अक्का रोज सकाळी तिला नवी हळद लावत. महिनाभरात तिचे काटे मुळापासून पिवळे झाले. काही गळून पडले.

कणाद अधूनमधून यायचा. बुजलेल्या दारांपैकी एकाला त्याने बाहेरून खणून भोक पाडलं होतं. तिथून तो बोलायचा.

“शलाका, आपण पाच जणांत लग्न करून टाकू. माझी आई तयार आहे.”

“बाबा नाहीत. अक्का नाहीत.”

“मग माझ्याबरोबर चल.”

“आबांना घुरघूर लागलीय कणाद. परवापासून.”

 कणादने भोकातून एक कोवळा कंद आत ढकलला आणि म्हणाला, “आबांना दे.”

आबांच्या छातीत चक्की फिरल्यासारखा आवाज येत होता. खाणं सुटलं होतं. एका दुपारी त्यांनी मुलाला जवळ बोलावलं.

“भाल्या, मला हजार जण बघायचे नाहीत रे. एकटी पोरगी बघायची आहे. दोन अक्षता तिच्यावर टाकू दे. नंतर तू तुझं काय ते गाव जेवू घाल.”

बाळांनो, भालचंद्रराव काही दगड नव्हते.  वडिलांचा पंजा त्यांनी हातात घेतला आणि म्हणाले, “उद्या. उद्या सकाळी लावून टाकू. गुरुजी घरातच आहेत. कणादला आणि त्याच्या आईला निरोप धाडतो.”

शलाका ते ऐकून आत पळाली आणि रडली. बऱ्याच दिवसांनी तिने आपणहून हळद मागितली.

त्याच संध्याकाळी कोतवाल सागावर येऊन बसला.

“ऐका हो ऐका! निर्बंध सैल झाले आहेत! लग्नाला पंचवीसऐवजी पन्नास!”

भालचंद्रराव जागचे उठले. ते मांडवात गेले आणि फेऱ्या मारू लागले. अक्का त्यांच्यामागून गेल्या.

“आज पन्नास झाले,” भालचंद्रराव म्हणाले.

“पुढच्या पौर्णिमेला शंभर होतील,” अक्का म्हणाल्या. “पावसाळा सरेपर्यंत पाचशे. आणि तू उद्या सहा जणांत उरकतोयस. लोक म्हणतील, भालचंद्ररावांना महिनाभर धीर निघाला नाही. मुलीत काही खोट होती की काय, म्हणतील.”

भालचंद्रराव आत आले. शलाका उभी राहिली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, ते आबांजवळ बसले.

“आबा, थोडे दिवस फक्त. तुमच्या नातीचं लग्न थाटात झालेलं बघायचंय ना तुम्हाला? तुम्ही फक्त टिकून राहा.”

बरणीतल्या लोणच्याला सांगावं, तसं त्यांनी वडिलांना सांगितलं.  शलाका म्हणाली, “बाबा, तुम्ही शब्द दिला होता.” तेव्हा भालचंद्रराव म्हणाले, “शब्द दिला होता तेव्हा पंचवीस होते.”

आबा आठ दिवस टिकले. नवव्या दिवशी सकाळी शलाकाला त्यांच्या पोटाशी जाग आली, तेव्हा चक्की थांबली होती. आबांनी तिला टोचू नये म्हणून काटे मिटले होते, ते मिटलेलेच होते.

तिच्या गळ्यातून आवाज फुटणार, एवढ्यात अक्कांनी तिचं तोंड दाबलं.

“रडायचं नाही! हळद लागलीय तुला. घरात देवक आहे.”

गुरुजींना विचारलं. त्यांनी पाय बदलला, डोळे मिटले, पोथी न उघडताच पोथीतलं सांगितलं. “देवक बसलेल्या घरी सुतक नाही. सुतक नाही म्हणजे शोक नाही. शास्त्राप्रमाणे पाहू गेलं, तर या घरात काही घडलेलंच नाही.”

“आणि काटेरी कुंपण?” भालचंद्ररावांनी विचारलं.

“ते सुतकाच्या घराला.”

भालचंद्ररावांनी सुटकेचा श्वास सोडला. आधी सुटकेचा सोडला, मग त्यांना वडील आठवले. पण तोवर पुढची तयारी करायची होती.

मेलेल्यांना न्यायचं काम तरसांकडे होतं. ते मागच्या दाराने गाडा घेऊन आले. पुढच्या दारी अक्कांनी शेजारच्या बायका जमवल्या आणि हळदीची गाणी लावली. गाड्याची करकर ऐकू जाऊ नये म्हणून त्या बेंबीच्या देठापासून गात होत्या. मध्ये पाटावर शलाका बसली होती. तिला हळद लावली जात होती. एकीने तिची हनुवटी वर करून म्हटलं, “हस की गं, नवरी आहेस.” शलाकाने दात दाखवले. ते हसणं आहे असं ठरलं.

दुपारी कोतवाल आला. जंगलात मेलेल्यांची मोजणी त्याच्याकडे होती. मेलेल्याला शिवणं धोक्याचं आणि घरात शिरणं त्याहून धोक्याचं, म्हणून दरबाराने सोपी पद्धत काढली होती. कोतवालाने झाडावर बसायचं आणि लांबून एकच प्रश्न विचारायचा. सुतक आहे, असं उत्तर आलं की एक मयत मांडायचं.

“भालचंद्रराव, सुतक आहे का?”

“छे! देवक बसलंय आमच्याकडे.”

“मग आबा दिसत नाहीत ते?”

भालचंद्ररावांनी वळून आत पाहिलं. अक्का आतून म्हणाल्या, “लांबची आमंत्रणं द्यायला गेलेत.”

कोतवालाने शून्य लिहिलं.

चांगली कल्पना लपून राहत नाही. शेजारी ससोबांचं घर होतं. त्यांची म्हातारी घुरघुरायला लागली, तशी त्यांनी तीन दिवसांच्या पिलाची सोयरीक जमवली आणि देवक बसवलं. दीडशे वर्षांच्या कासवाने नवरा म्हणून हळद लावून घेतली. ती पाठीवर दोन महिने वाळत होती. घुबड जन्मभर लग्नसंस्थेविरुद्ध व्याख्यानं देत असे. त्याचा धाकटा भाऊ आजारी पडला, त्याच दुपारी घुबडाच्या ढोलीत देवक बसलं. वधू कोण, हे त्याने अजून ठरवलेलं नव्हतं. तेवढं घाईचं नव्हतंच ते.

बगळेगुरुजी अंगाने भरले. त्यांना आता एका पायावर तोल सांभाळता येईना.

आणि जंगलभरातले म्हातारे आमंत्रणं द्यायला गेले. मग बरेच तरणेही गेले. तरस गाडे ओढून थकले आणि त्यांतले काही स्वतःच आमंत्रणं द्यायला गेले. घरोघर हळदीची गाणी चालू होती. जंगलाबाहेरून जाणाऱ्या वाटसरूला वाटलं असतं, किती आनंदी जंगल आहे हे.

कोतवाल झाडोझाड फिरायचा. “सुतक आहे का?” “देवक बसलंय!” “सुतक आहे का?” “देवक बसलंय!” एक दिवस त्याने सगळी बेरीज केली आणि गुहेच्या शिळेच्या फटीतून आत सरकवली. बेरीज शून्य होती.

वाघ महाराजांनी शिळेआडूनच जाहीर केलं, “आपल्या जंगलात घुरघुरीने कोणीही मेलेलं नाही. शेजारच्या जंगलात मरतात, कारण त्यांच्यात आपले संस्कार नाहीत. निर्बंध उठवण्यात येत आहेत.”

महाराजांनी शिळा मात्र उठवली नाही.

भालचंद्ररावांच्या घरी आनंदीआनंद झाला. अक्कांनी यादी बाहेर काढली. पत्रिका नव्याने केली. पत्रिकेत निमंत्रक म्हणून पहिलं नाव आबांचं होतं.

“आबांच्या नावाआधी कैलासवासी लिहायचं ना?” शलाकाने विचारलं. कित्येक महिन्यांत तिने विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

“अशुभ बोलू नये,” अक्का म्हणाल्या. “सुतक धरलंय का आपण? मग कैलासवासी कशाला? आणि घरात एक वडीलधारं नाव असलेलं बरं दिसतं.”

लग्नाचा दिवस उगवला. मांडव ओढ्यापर्यंत गेला होता. सुतारपक्ष्यांचा ताशा होता, मोराचा नाच होता. पाहुणे आले. हजार यायला हवे होते, सहाशे आले. एवढे सगळे जण आमंत्रणं देत फिरत होते, तर खरं म्हणजे मांडव फाटायला हवा होता. पण कमी का आले, असं कोणी कोणाला विचारलं नाही. विचारणाऱ्याच्याही घरातलं कोणी ना कोणी आलं नव्हतं.

वरपक्ष आला. विहिणीचे पाय धुवायला अक्का चांदीची घंगाळी घेऊन पुढे झाल्या. विहिणीच्या पाटावर एक अनोळखी साळिंदरीण बसली होती.

“मी मुलाची मावशी,” ती म्हणाली.

“या, या,” अक्का म्हणाल्या आणि पाय धुऊ लागल्या. विहीण कुठे आहे, हे त्यांनी विचारलं नाही. मावशीनेही इकडच्या आबांची चौकशी केली नाही. दोन्ही घरं रीतीला पक्की होती.

मुहूर्ताला अंतरपाट धरला गेला. पलीकडून कणादचे पाय तेवढे शलाकाला दिसत होते. त्यांच्यावरही हळदीचे थर होते. तेव्हा तिला कळलं, तो त्या भोकाशी यायचा का थांबला होता. गुरुजी मंगलाष्टकं म्हणू लागले. त्या आवाजाखाली ती हळूच म्हणाली, “कणाद, आबा गेले. तू शेवटचा आलास त्यानंतर थोड्याच दिवसांनी.”



“आई गेली,” तो म्हणाला. “मला रडू दिलं नाही.”

“मलाही नाही.”

“सावधान!” गुरुजी ओरडले, आणि अंतरपाट दूर झाला. सहाशे जणांनी अक्षता टाकल्या. दोघांच्या चेहऱ्यांकडे कोणी पाहिलं नाही, कारण पंगतीत जागा धरायची होती.

पंगती उठल्या. मान झाले, पान झाले. सोळा जण रुसले, त्यांतले चौदा परत आले. भालचंद्ररावांचं नाक सकाळपासून वाढत वाढत मांडवाच्या झालरीला लागलं. मग पाठवणीची वेळ आली.

शलाका दारात उभी राहिली. सगळ्यांच्या पाया पडून झालं होतं. ती कोरड्या डोळ्यांनी बघत होती. अक्कांना ते बरं दिसेना. त्या तिच्या कानाशी लागल्या.

“आता रड हो. पाठवणीला रडायचं असतं. मन मोकळं करून रड.”

“आता चालेल?” शलाकाने विचारलं.

“चालेल म्हणजे? रीतच आहे तशी. नाही रडलीस तर लोक नावं ठेवतील.”

शलाकाने तोंड उघडलं. आधी आवाज आला नाही. मग आला. “आबा!” ती म्हणाली. “आबा! माझे आबा!” आणि ती खाली बसली. तिच्या अंगावरचे काटे ताठ झाले. नऊ महिने दाबलेलं तिच्या तोंडून एकदम बाहेर आलं. तसं रडणं ऐकलं की ऐकणाऱ्याला पळून जावंसं वाटतं.

कणाद तिच्या शेजारी बसला. “आई,” तो म्हणाला आणि त्याने दोन्ही पंजे तोंडावर घेतले.

ससोबांच्या घरची सून लांब उभी होती. ती अचानक सासूचं नाव घेऊन जमिनीवर डोकं आपटू लागली. घुबड भरदिवसा डोळे उघडून भावाला हाका मारू लागलं. कासवाने मान आत ओढली आणि कवचाच्या आतून हुंदके येऊ लागले. मग कोणी कोणाला आवरेना. सहाशेच्या सहाशे प्राणी रडत होते. कोणी बापाला हाक मारत होतं, कोणी पिलाला. ताशेवाले सुतारपक्षी ताशा टाकून रडत होते. मोराने पिसारा तसाच जमिनीवर पसरला आणि तो त्यात तोंड खुपसून बसला. त्या मांडवात एकही घर असं नव्हतं की जिथून गाडा गेला नव्हता, आणि एकही घर असं नव्हतं की जिथे रडू दिलं होतं.

भालचंद्रराव मध्ये उभे होते. त्यांचेही ओठ हलले. “आ...” असं काहीसं त्यांच्या तोंडून निघालं. त्या घटकेला ते नुसते मुलगा होते, बाळांनो, आणि आणखी एक श्वासभर वेळ मिळाला असता तर तेही रडले असते.

पण बगळेगुरुजी डोळे पुसत त्यांच्याजवळ आले.

“काय पाठवणी झाली हो, यजमान! एवढी वर्षं लग्नं लावतोय, पण असं रडणं पाहिलं नाही.”

भालचंद्ररावांनी तोंड मिटलं.

“नाही ना?” ते म्हणाले. “आणि रानडुकरांच्या मुलीच्या पाठवणीला?”

“छे! दहा-बारा. त्याही घरच्याच बायका.”

“आपल्याकडे सहाशे असतील?”

“जास्तच.”

भालचंद्ररावांनी मांडवावरून एक नजर फिरवली. कोण कसं रडतंय, ते त्यांनी नीट पाहून घेतलं. शेजारच्या झाडावर कोतवाल बसला होता. त्याने वहीत लिहिलं, आनंदाश्रू, सर्वत्र.

वरात निघाली. शलाकाने मागे वळून पाहिलं नाही. पाहुणे डोळे पुसत, हलक्या पावलांनी पांगले. बऱ्याच दिवसांनी आज जेवण अंगी लागलं, असं जो तो म्हणत होता. जाताना कोणी कोणी खोकतही होतं.

मांडव रिकामा झाला. गुरुजी पाटाजवळ आले. “चला यजमान, कार्य सिद्धीला गेलं. आता देवक उठवू.”

तेवढ्यात आतून आवाज आला. घुर्र, घुर्र. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. सहाशे जणांच्या गळ्यात पडून रडल्या होत्या त्या.

भालचंद्ररावांनी अक्कांकडे पाहिलं. मग देवकाकडे पाहिलं.

“राहू दे,” ते म्हणाले.

“अहो, पण मुलगी तर गेली. आता कार्य कुणाचं सांगायचं?”

भालचंद्रराव विचारात पडले. मग ते जरा ताठ झाले आणि त्यांनी पाठीवरचे काटे सारखे केले.

“मी विधुर आहे,” ते म्हणाले. “माझं काढा.”

अक्कांना ढास आवरेना. तरी त्यांनी हाताने थांबा अशी खूण केली. यादी जवळ ओढली, पाठकोरी बाजू वर केली, आणि घुरघुरत पहिलं नाव लिहायला घेतलं.

तात्पर्य: मरण कोणाला चुकलेलं नाही, असं जुनी माणसं सांगतात. त्यांचं ऐकू नये. घरात कायम एखादं कार्य काढून ठेवावं, म्हणजे मरण येऊन जातं पण धरलं जात नाही. आणि फारच रडू आलं, तर कोणाच्या तरी पाठवणीपर्यंत थांबावं. तिथे रडणाऱ्याला लोक गुणी म्हणतात, शिवाय जेवायलाही वाढतात.